दुसरं मडकं

कॉलेजातली मैत्री टिकवायची तर एक जागा आणि एक महिना ठरवून ठेवावा लागतो. ‘भेटू कधीतरी’ यातलं कधीतरी उगवत नाही. आमची जागा पेण-रोहा आणि महिना जानेवारीचा. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत वालाच्या शेंगा भरल्या, बांधाच्या कडेने भांबुर्डा माजला, की रोह्याहून फोन येतो, ‘शेंगा तयार आहेत, या.’ आमच्या रजा बघून तारीख ठरत नाही, वाल बघून ठरते. आणि वाल पाण्यावर नव्हे, जमिनीतल्या उरल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर पिकतो, त्यामुळे ती दर वर्षी पुढेमागे होते.

आम्ही सगळे दापोलीच्या कृषी महाविद्यालयातले. मी तासगावची, द्राक्षबागांतून तिकडे गेलेली. एक कुडाळचा, एक निफाडचा, एक पेणच्या खारेपाटातला, आणि माझी हॉस्टेलची रूममेट, जी पुढे लग्न होऊन रोह्याला आली. कोकण कृषी विद्यापीठ दापोलीत उभं राहिलं ते 1972 साली. विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे, खाऱ्या जमिनीत तग धरणारे ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’, ‘पनवेल-3’ हे भाताचे वाण तिथले. अभ्याससहलीत आम्ही ते केंद्र बघायला गेलो होतो आणि परतताना पेणच्या मित्राने सगळ्यांना स्वतःच्या घरी नेलं. त्याच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या थापून वाढल्या. आमचं येणंजाणं तिथून सुरू झालं आणि थांबलेलं नाही.

रूममेटची लेक आम्हा सगळ्यांच्या देखत वाढली. देखत म्हणजे वर्षातून एकदा. रोज बघणाऱ्या आईबापांना मूल वाढताना दिसत नाही, आम्हाला मात्र ते दर जानेवारीला एकदम दिसायचं. एका वर्षी कडेवर होती ती पुढच्या वर्षी अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. एका वर्षी तिचे पुढचे दोन दात नव्हते, एका वर्षी चष्मा आला, एका वर्षी ती आमच्याशी बोलेचना, पुस्तकात डोकं घालून बसली. मैत्रीण म्हणायची, ‘तुम्ही आलात की मला कळतं ती केवढी झाली ते.’ यंदा तिला अठरा पूर्ण झाली. लोणेऱ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते.

मी दिव्याहून सुटणाऱ्या रोह्याच्या गाडीत पनवेलला चढले. कुडाळचा आणि निफाडचा आधीच जागा धरून बसले होते. कुडाळकराला खरं तर कोकण रेल्वेने थेट रोह्याला उतरता आलं असतं, पण तो दर वर्षी उलटा वळसा घालून पनवेलला येतो, कारण त्याला हा डबा सगळ्यांबरोबर हवा असतो. सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण. पाताळगंगा ओलांडली की उजवीकडचा कर्नाळ्याचा सुळका मागे पडतो आणि जमीन सपाट, करडी, खारवट होत जाते. आपट्यापासून रोह्यापर्यंतचा हा लोहमार्ग 1986 साली सुरू झाला. त्याआधीच्या पिढीतल्या पेणकरांच्या मुंबईच्या गोष्टी ऐकाव्यात, त्यात भाऊचा धक्का असतो, धरमतरची लाँच असते आणि लाँचला जोडून सुटणारी एसटी असते.

पेणचा मित्र आम्हाला पेणला उतरू देत नाही. हमरापूरलाच उतरवतो आणि तिथून गणपतीच्या कारखान्यात नेतो. पेणच्या मूर्तिकलेत देवधर घराण्याचं नाव आदराने घेतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात रुजलेली ही कला पुढे हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांत घराघरांत पसरली. आता पेणच्या गणेशमूर्तींना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, गणपतीचं काम श्रावणात चालत असेल. जानेवारीत इथे यावं. पडवीत, माळ्यावर, अंगणात ताडपत्रीखाली कच्च्या मूर्ती ओळीने वाळत असतात, सगळ्या पांढुरक्या, अजून डोळे नसलेल्या. एकीकडे साच्यातून काढलेल्या मूर्तीच्या जोडरेघा ओल्या बोटाने बुजवत बायका बसलेल्या असतात, दुसरीकडे हात, सोंडा आणि उंदीर वेगळे मांडलेले असतात. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती ज्याच्या त्याच्या हाती देत नाहीत.

ज्यांच्या कारखान्यात आम्ही जातो त्या काकूंनी आम्हाला बघितलं आणि आमच्या मागे बघितलं. ‘पोर नाही आली?’ त्यांनी विचारलं. सहा वर्षांची असताना ती इथे साच्यात शाडू दाबायला बसली होती आणि साचा उघडून आपला गणपती बाहेर आलेला बघितल्यावर टाळ्या पिटत कारखानाभर फिरली होती. पुढे दर वर्षी तिला एक काम मिळायचं. कधी उंदीर रंगवायचे, कधी पाटावर वर्ख लावायचा. बाराव्या-तेराव्या वर्षी तिने सोंडेवरचं गंध काढलं, तेव्हा काकूंनी तिचा हात हातात घेऊन बोटं बघितली होती. यंदा ती लोणेऱ्याहून परस्पर रोह्याला येणार होती. ‘कॉलेजला गेली,’ मित्राने सांगितलं. काकू ‘हो का, बरं झालं’ म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. पेणचा हा टप्पा तिच्याशिवाय आम्ही पहिल्यांदा करत होतो. जीपमध्ये मागच्या बाकावर जागा जास्त होती आणि कुणी त्यावर बोललं नाही.

खारेपाट समजायला उंचावरून बघता येत नाही, बांधावरून चालावं लागतं. एका बाजूला खाडी, तिवरं, भरतीचा वास. दुसऱ्या बाजूला त्याच पातळीवर, काही ठिकाणी तर खाडीच्या भरतीच्या पाण्याहून खाली, भातजमीन. मध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी. ओहोटीला उघाडीचं दार आपोआप उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं आणि भरतीच्या दाबाने ते मिटतं. बांधाला खांड पडली आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की ती जमीन पुन्हा भात द्यायला काही पावसाळे घेते. म्हणून खांड पडली की जुन्या काळी माणसं रात्री-अपरात्री ओहोटीची वेळ साधून चिखल घेऊन बांधावर उभी राहत. ज्याचं शेत तो एकटा नव्हे, सगळं गाव. आम्ही हे पुस्तकात शिकलो होतो, पेणच्या मित्राला ते जन्मापासून माहीत होतं. परीक्षेत त्याच्यापेक्षा मला गुण जास्त असत, पण खाऱ्या मातीचा पोत चिमटीत धरून ‘यंदा इथे रोप जळणार’ हे तोच सांगू शकायचा.

याच जमिनीवर महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रकल्प, येणार होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या, पेण तालुक्यातल्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 रोजी शेतकऱ्यांचं मत घेण्यात आलं. जमीन द्यायची की नाही, याचा कौल शेतकऱ्यांनी स्वतः द्यावा अशी घटना देशात क्वचितच घडली असेल. त्या आठवड्यात मित्राचे आम्हाला फोन येत होते. रोह्याची लेक तेव्हा नुकती पाऊल टाकू लागली होती आणि मैत्रीण तिला घेऊन दोन दिवस पेणला त्याच्या घरी राहून आली. ‘मला कायदा कळत नव्हता, पण त्याच्या आईच्या हाताखाली भाकऱ्या भाजायला कुणीतरी हवं होतं,’ असं ती सांगते. पुढे तो प्रकल्प आला नाही. शेत अजून शेत आहे, त्याच्या टोकाला जिताड्याचं तळं आहे. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं पकडून तळ्यात सोडायची आणि ती वाढायची वाट बघायची. पाहुणा जवळचा असेल तरच तळ्यात जाळं पडतं. आमच्यासाठी पडलं. जिताड्याची आमटी, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. वहिनी वाढत होत्या आणि निफाडकर दर घासाला मान हलवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गागोद्याला गेलो. पेण-खोपोली रस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या कुशीत हे गाव आहे. विनोबांचा जन्म इथला, 11 सप्टेंबर 1895. तेव्हाचे विनायक नरहर भावे. दहाएक वर्षांचे होईतो ते इथे होते, मग वडील नोकरीला होते त्या बडोद्याला सगळं कुटुंब गेलं. पेणच्या लोकांना गणपती म्हणजे कारखाना आठवतो, मला गागोद्यात विनोबांच्या आजोबांचा गणपती आठवतो. शंभूराव भावे घरातल्या मुलांना चंदन उगाळायला बसवत आणि त्या गंधाची मूर्ती घडवत. इतक्या प्रेमाने केलेली मूर्ती पाण्यात सोडायची, हे लहान विन्याला सोसायचं नाही. हातांनी घडवायचं आणि त्याच हातांनी सोडायचं, हा धडा त्याला कळत्या वयाच्या आधी मिळाला. आणि आई रुक्मिणीबाई. परसातला फणस पिकला की आधी गरे द्रोणात घालून घरोघर पोचवायचे, मग आपण खायचे. देणं आधी, खाणं नंतर. भूदान मागत देशभर पायी फिरलेल्या माणसाच्या बालपणात हा फणस आहे, याचा मला दर वेळी आनंद होतो.

पण गागोद्याला उभं राहून मी यंदा विचार करत होते तो बडोद्यातल्या मित्रांचा. विनोबा म्हटले की एकाकी, विरक्त माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात कॉलेजच्या वयात त्यांच्याभोवती मित्रांचा केवढा तरी घोळका होता. लांब लांब चालायचं, वाद घालायचे, वाचायचं. विद्यार्थ्यांचं एक मंडळही त्यांनी चालवलं. मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीची वाट धरली. ते एकटे नव्हते. बरोबर आलेले मित्र बेडेकर काशीत आजारी पडून गेले आणि गंगेच्या काठी विनोबांनीच त्यांना अग्नी दिला. पुढे विनोबा गांधीजींकडे गेले, तेव्हा बडोद्याच्या घोळक्यातले गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे, बाबाजी मोघे हे मित्रही यथावकाश त्याच वाटेने आश्रमात आले आणि त्यांनी आयुष्यं त्या कामात घातली. घरदार, परीक्षा, प्रमाणपत्रं, सगळं मागे टाकणाऱ्या माणसाने कॉलेजातले मित्र मागे टाकले नाहीत, किंवा मित्रांनी त्याला एकटं जाऊ दिलं नाही. आणि गागोद्याच्या घरच्यांना या मित्रांची काय माहिती असणार? फणसाचे गरे वाटणारा मुलगा त्यांचा होता, बडोद्याच्या रस्त्यांवरून रात्री वाद घालत चालणारा मुलगा मित्रांचा होता.

दुपारच्या गाडीने आम्ही पेणहून निघालो. कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. मैत्रीण स्टेशनवर आली होती. तिच्या मागून लेक आली, आणि लेकीच्या मागून आणखी चौघं. ‘ही माझी हॉस्टेलची गँग,’ तिने ओळख करून दिली. एक मुलगी लातूरची, एक भंडाऱ्याची, एक मुलगा गडहिंग्लजचा आणि एक अकोल्याचा. लोणेऱ्याला महाराष्ट्रभरातून मुलं येतात. त्यांनी आम्हाला वाकून नमस्कार केला, आणि मग ती पाचही जणं आमच्या बॅगा उचलून पुढे चालू लागली, आपापसांत काहीतरी बोलत, हसत. आमच्यापैकी कुणालाही त्यातलं काही कळलं नाही. मैत्रिणीने माझा हात धरला होता. तो तिने थोडा दाबला.

रोहा आणि पलीकडचं अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची जोडगावं, नगरपरिषदही दोघांची मिळून. गावाचं दैवत धावीर महाराज. दसऱ्यानंतर त्यांची पालखी निघते तेव्हा पोलीस सशस्त्र मानवंदना देतात आणि पालखी गावभर दारोदार फिरते. संध्याकाळी लेक तिच्या गँगला गाव दाखवायला निघाली आणि आम्ही मागून चालत होतो. ती सांगत होती, ‘आमच्या एवढ्याशा पट्ट्यात तीन मॅगसेसे आहेत.’ मुलांना खरं वाटेना. मग तिने बोटं मोजली. पहिल्याच वर्षी, 1958 मध्ये, विनोबा, ते पेण तालुक्यातले. 1959 मध्ये चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नात्याचा, पण लहानपण रोह्यात गेलेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये अर्थमंत्रिपद सोडलेले. रोह्याच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. आणि 1996 मध्ये पांडुरंगशास्त्री आठवले, 1920 साली रोह्यातच जन्मलेले. हे सगळं तिला पेणच्या मित्राने, म्हणजे तिच्या मामाने, ती आठवीत असताना गागोद्याला नेऊन सांगितलं होतं. आता ते ती सांगत होती, आणि मामा मागून चालत ऐकत होता, मध्ये बोलला नाही.

नदीकाठी तिच्यातली इंजिनिअर जागी झाली. घाटाच्या पायथ्याच्या नद्या जानेवारीत आटून जातात, कुंडलिका का वाहते? कारण तिच्यात वरच्या मुळशी धरणाचं पाणी येतं. पूर्वेकडे जाणारं मुळेचं पाणी अडवून पश्चिमेला घाटाखाली भिऱ्याला सोडलं, तिथे 1927 पासून टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. वीज करून झालं की ते पाणी कुंडलिकेत उतरतं. कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं ते त्याच सोडलेल्या पाण्यावर. ‘आणि त्या धरणात मुळशीची गावं गेली,’ अकोल्याचा मुलगा म्हणाला, ‘सेनापती बापटांचा सत्याग्रह.’ ती थांबली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘बरोबर. तेही सांगायला हवं होतं मी.’ मला तिचं ते वाक्य फार आवडलं. आमच्यापैकी कुणी म्हटलं असतं तर तिने ‘माहितीये मावशी’ असं उत्तर दिलं असतं. मित्राने म्हटलं आणि तिने ते घेतलं.

अवचितगड आम्ही दर वर्षी चढतो. मेढ्याच्या बाजूने दाट झाडीतून वाट आहे. वर पाण्याची टाकी आहेत, बारा कोनांचं एक तळं आहे, महादेवाचं देऊळ आहे, आणि दक्षिणेच्या बुरुजावर शके 1718 चा, म्हणजे इसवी सन 1796 चा, मराठी शिलालेख आहे. लेक अगदी लहान असताना मामाच्या खांद्यावरून गडावर आली होती. नंतर दर वर्षी ती थोडं थोडं जास्त स्वतः चालायची आणि जिथे थांबायची तिथे बसून खाऊ खायची. त्या खाऊच्या जागा आम्हाला अजून पाठ आहेत. यंदा आम्ही पहिल्या दरवाजाशी पोचलो तेव्हा वरून पाच जणांच्या हाका ऐकू आल्या. ती कधीच वर पोचली होती आणि शिलालेखातली अक्षरं लावत होती. लातूरच्या मुलीला ‘शके’ आणि ‘संवत्सर’ लागत होतं, बाकीचं त्या दोघी मिळून जुळवत होत्या. बुरुजावरून कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीकडे जाताना दिसते. आम्ही दम घेत बसलो, वर्षभराच्या गोष्टी झाल्या. निफाडकराच्या वडिलांचं आजारपण, कुडाळकराच्या काजूचा भाव, माझ्या बागेतली छाटणी. या गोष्टी फोनवर होत नाहीत. फोनवर ‘बरंय’ म्हणून होतं.

पोपटी रात्री, मैत्रिणीच्या शेतावर. आता पोपटीबद्दल सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण बाहेरच्यांना ती नुसती पार्टी वाटते आणि ती तशी नाही. दुपारीच शेंगा तोडून आणायच्या, कोवळ्या नको, जून नको, दाणा भरलेल्या. त्या धुवून निथळायच्या. मडकं मातीचंच हवं. तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरायचा, त्याच्या उग्र वासाशिवाय पोपटी होत नाही. त्यावर शेंगांचा थर, जाडं मीठ, ओवा. मध्ये बटाटे, करांदे, कोनफळ, अंडी. कोंबडी असेल तर मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळून. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. जे शिजतं ते पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलीवर, वाफेवर. तोंडाशी भांबुर्डा असा ठासायचा की मडकं उलटं केलं तरी काही पडू नये. मग ते उलटं ठेवायचं, भोवती पेंढा, सुका पाला, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचं. अर्ध्या तासाच्या आसपास आग नीट लागली पाहिजे. झालं की नाही हे बघायला तापल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्रकन आवाज झाला तर झालं. पण तो आवाज किती चर्र असायला हवा यावर पेण आणि रोहा यांचं कधी एकमत होत नाही.

मित्राने नेहमीप्रमाणे मडकं आणलं होतं. लेकीने दुसरं आणून ठेवलं होतं.

‘आमचं आम्ही लावतो,’ ती म्हणाली.

आम्ही एका बाजूला, ती पाच जणं वीसेक पावलांवर दुसऱ्या बाजूला. मामाची नजर सारखी तिकडे जात होती. तो एकदा उठलाही, ‘पाला कमी घातलाय पोरांनी.’ मैत्रिणीने त्याला खाली बसवलं. तिकडे भंडाऱ्याची मुलगी पाला ठासत होती आणि लेक तिला सांगत होती, जसं मामाने तिला सांगितलं होतं, तसंच, तेच शब्द. गडहिंग्लजच्या मुलाने आग रचली. धुराने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कुणीतरी गाणं सुरू केलं, आम्हाला माहीत नसलेलं.

आमचं मडकं आधी उघडलं. गोणपाटावर ओतल्यावर वाफ उठली आणि तो वास सगळीकडे पसरला. मुलांनाही बोलावलं. शेंगा सोलता सोलता लातूरची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, ‘काकू, ही आता नीट जेवते हं. ताप आला होता तेव्हा हिने आम्हाला फार घाबरवलं होतं.’

‘कधी ताप आला होता?’ मैत्रिणीने विचारलं.

मुलगी गप्प झाली. लेकीने सांगितलं, गणपतीनंतर. चार-पाच दिवस. लातूरची आणि भंडाऱ्याची आळीपाळीने रात्री जागल्या होत्या, मुलांनी औषधं आणून दिली होती, डॉक्टरकडे नेलं होतं. ‘तू धावत आली असतीस आई. आणि या दोघी होत्या ना.’

मैत्रीण काही बोलली नाही. तिने समोरच्या पानातलं एक अंडं सोललं आणि लातूरच्या मुलीला दिलं, दुसरं सोललं आणि भंडाऱ्याच्या मुलीला दिलं. मग माझ्याकडे बघितलं. दापोलीला दुसऱ्या वर्षी तिला कावीळ झाली होती. मी आणि आणखी दोघी आळीपाळीने तिच्याजवळ होतो, पेणचा मित्र रोज ऊस आणि ताक घेऊन हॉस्टेलच्या फाटकाशी यायचा. तिच्या घरी आम्ही कळवलं नव्हतं, तिनेच शपथ घातली होती. तिच्या आईला जाईपर्यंत ते कळलं नाही. इतकी वर्षं ही आमच्या मैत्रीतली आम्ही जपलेली गोष्ट होती, आणि त्या गोष्टीतल्या आईच्या बाजूने आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

‘कावीळ,’ मैत्रीण लेकीला म्हणाली, ‘मला. दापोलीला. तुझ्या आजीला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.’ मग तिने सगळं सांगितलं. मुलं ऐकत होती. लेक एकदा माझ्याकडे, एकदा मामाकडे बघत होती. ही दोन माणसं दर जानेवारीला येतात, खाऊ आणतात, गडावर नेतात, एवढंच तिला आमच्याबद्दल माहीत होतं. आम्ही तिच्या आईजवळ रात्री बसलो होतो, तेव्हा तिच्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठे होतो, हे तिच्या त्या रात्री पहिल्यांदा ध्यानात आलं.

तेवढ्यात गडहिंग्लजचा मुलगा ओरडला, ‘आमचं मडकं!’ सगळे धावले. लेकीने पाणी शिंपडलं. चर्र झालं. तिने मामाकडे बघितलं नाही, मित्रांकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘काढा.’ शेंगा उत्तम झाल्या होत्या. मीठ किंचित जास्त होतं. मामाने मूठभर उचलून खाल्ल्या, मग आणखी मूठभर.

निखारे उरले तशी पुढच्या वर्षीची बोलणी सुरू झाली. मी म्हटलं, नेहमीसारखं, वाल बघून. लेक म्हणाली, ‘मावशी, जानेवारीत आमची सत्रपरीक्षा असू शकते. वेळापत्रक आलं की मी सगळ्यांना कळवते, तारीख त्याच्यावर ठरवू.’ कुडाळकराने विचारलं, आणि शेंगा तोवर जून झाल्या तर? तिने आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘एक वाफा उशिरा पेरू.’ मग पेरणी किती दिवसांनी पुढे ढकलायची, ओल तोवर टिकेल का, कोणता वाण घ्यायचा, यावर आम्ही पाच कृषी पदवीधर रात्री साडेअकरापर्यंत वाद घालत बसलो, आणि पोरं शेंगा खात ऐकत होती.